ट्रॉली मागे घेण्याचं शास्त्र

शुक्रवार, २ जानेवारी. सायं. ६.

रोजनिशी एक तारखेपासूनच लिहिणार होतो. काल पेन सापडला नाही. निश्चय मात्र कालचाच धरावा.

आजची घटना वस्तुनिष्ठपणे नोंदवतो. दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, भाऊसिंगचा, उजवा हात तुरीच्या गंजीवरून घसरून मोडला, त्याला आठवडा झाला. कोपरापर्यंत प्लास्टर. ट्रॅक्टर दादाचा, चालवणाराही तोच. म्हणून आमच्या दोघांची तूर मालेगावच्या (वाशीमकडचं मालेगाव, नाशिकचं नव्हे) मार्केटला न्यायची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. तांड्यापासून मार्केटच्या गेटपर्यंत ट्रॅक्टर उत्तम चालवला. त्यापुढचं सगळं मागे होतं.

म्हणजे असं की शेडला लावायला ट्रॉली रिव्हर्समध्ये घ्यावी लागते. ट्रॉलीचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. हे मला माहीत आहे. माझ्या हातांना माहीत नाही. पाच वेळा ट्रॉली आडवी झाली. मागे सात ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभे. शेवटी एक हमाल म्हणाला, "सर, उतरा." मागच्या ड्रायव्हरने येऊन, तोंडातली विडी न काढता, एका दमात ट्रॉली लावून दिली.

'सर' म्हणाला, हे महत्त्वाचं. डी.एड. कॉलेज विद्यार्थ्यांअभावी बंद पडून दोन वर्षं झाली, तरी चौदा वर्षं शिकवलेलं मानसशास्त्र चेहऱ्यावर दिसतंच.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "हंगामापुरता ड्रायव्हर लावतो. तू कायले तरास घेतं?" मी म्हटलं, पंचवीस तारखेपर्यंत थांब. कारण येताना शिरपूरच्या स्टँडवर बोर्ड पाहिला होता: भव्य ट्रॅक्टर रिव्हर्स स्पर्धा, रविवार २५ जानेवारी. दोन्ही बाजूंना ड्रम, मधून ट्रॉली मागे न्यायची. मी तिथेच नाव देऊन आलो.

दादा काही बोलला नाही. पाठिंबा आहे असं समजतो.

शनिवार, ३ जानेवारी. दु. २.

नियोजन. जुन्या नोट्स काढल्या. 'कौशल्याच्या अध्ययनात प्रत्याभरण तात्काळ, वारंवार व सकारात्मक असावे.' हे वाक्य मी चौदा वर्षं डिक्टेट केलं आहे. आता अंमलबजावणी.

निताला (पत्नी) प्रत्याभरण समजावून सांगितलं. तिला वाटलं कुठला तरी फॉर्म भरायचा आहे. म्हटलं, प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक. मी चुकलो की तू लगेच सांगायचं. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तेच करून राह्यले ना मी." अनुभवी उमेदवार मिळाला.

सहा रिकामे ड्रम जमवले. सराव सोमवारपासून. शनिवारी-रविवारी नवीन काम सुरू करू नये.

सोमवार, ५ जानेवारी. सायं. ५.३०.

पहिला सराव. घरासमोर ड्रम मांडले, निता ट्रॉलीच्या मागे उभी. पहिली चाळीस मिनिटं एका मूलभूत प्रश्नात गेली. तिचं डावं की माझं डावं. ती म्हणे, "माया डावीकडं." मी मागे वळून म्हणे, तुझं डावं आता कुठल्या दिशेला आहे? ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे डावं एकच होईल. मग तिला ट्रॉली दिसेना. त्या अवधीत शेजारच्या वच्छलाबाईंच्या न्हाणीघराची ताटी पडली. वच्छलाबाई आत नव्हत्या. बाहेर मात्र होत्या, आणि त्यांनीही भरपूर प्रत्याभरण दिलं.

निरीक्षण: निता ओरडत असते तोवर ट्रॉली बरी जाते. ती पाणी प्यायला थांबली की वाकडी.

निष्कर्ष: निता कमी ओरडते आहे.

बुधवार, ७ जानेवारी. सायं. ६.

निताचा आवाज बसला. शिट्टी दिली. एक शिट्टी डावीकडे, दोन उजवीकडे, तीन म्हणजे ब्रेक. पद्धत निर्दोष आहे. शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या आणि मी ब्रेक मारला, यात पद्धतीचा दोष नाही. त्यांची डाळ उशिरा शिजते, मी काय करू?

सहापैकी सहा ड्रम पडले. सातत्य आलं आहे.

शुक्रवार, ९ जानेवारी. सायं. ५.

आज दादा बघायला आला. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बाजेवर बसला. माझी एक फेरी पाहिली. ट्रॉली आडवी झाली, तीन ड्रम गेले. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "कोठं चुकलं असं तुले वाटते?"

मी म्हटलं, तू सांग. तीस वर्षं चालवतोस.

"नाई. तू सांग."

दादाला चालवता येतं, पण सांगता येत नाही. अशा लोकांना सिद्धान्त ठाऊक नसतो. मला वाईट वाटलं. म्हणून मीच पंधरा मिनिटं कारणमीमांसा केली. मागच्या टायरची हवा, जमिनीचा उतार, सूर्य डोळ्यांवर, निताच्या शिट्टीतली संदिग्धता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन हात?"

कसले हात?

"तुये. कवा फिरले? ट्रॉली वळल्यावर का वळायच्या आंधी?"

मी म्हटलं, ते मला कसं कळणार? हात फिरतात तेव्हा मी काही त्यांच्याकडे बघत नसतो. दादा उठून गेला. उत्तर त्यानेही दिलं नाही. म्हणजे त्यालाही माहीत नसावं.

रविवार, ११ जानेवारी. दु. १.

वातावरण नकारात्मक होत चाललं होतं. सकारात्मक प्रत्याभरणासाठी बबलूला बोलावलं. बबलूची शिरपूरच्या स्टँडवर चहाची गाडी आहे आणि माझ्यावर श्रद्धा आहे.

उत्कृष्ट दिवस! मी गिअर टाकला की बबलू म्हणे, "वा सर!" क्लच सोडला की, "एक नंबर!" सहाही ड्रम गेले तेव्हा म्हणाला, "सर, एवढ्या सफाईनं पाडायलेबी हात लागते." शेवटी ट्रॉलीचं एक चाक नालीत उतरलं. "आता नाली कशी नीट दिसून राह्यली," असं म्हणाला. अशा माणसाकडून शिकण्यासारखं खूप आहे.

आत्मविश्वास ९० टक्के. चाक काढायला चार माणसं आणि एक बैलजोडी लागली.

बुधवार, १४ जानेवारी.

संक्रांत. सराव नाही. इंझोरीहून निताचा भाऊ तिळगूळ घेऊन आला. त्याने विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, सत्तर टक्के. तो म्हणाला, कशाचे? असे प्रश्न विचारणारी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत.

गुरुवार, १५ जानेवारी. सायं. ७.

दादाची मुलगी रुचिका वाशीमला फार्मसी शिकते, सणासाठी आली आहे. ती म्हणाली, काका, मी व्हिडिओ काढते, तुम्ही स्वतःच बघा. आधुनिक साधन. लगेच होकार दिला.

व्हिडिओ पाहिला. त्यात एक गृहस्थ तोंड उघडं ठेवून ट्रॅक्टर चालवत आहेत. ट्रॉली पूर्ण वळून गेल्यावर मग ते स्टिअरिंग फिरवतात, आणि तेही घाबरून, भलत्या बाजूला, भलतंच जास्त. जो ड्रम पडतोय त्याच्याकडेच बघत राहतात, जणू तो पडायचा राहून जाईल. पहिले काही सेकंद मला वाटलं, रुचिकाने दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ लावला. मग शर्ट ओळखला.

चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी लक्षात आलं की दोष कॅमेऱ्याच्या जागेत आहे. मागून काढला की माणूस असाच दिसणार. समोरून काढायला लावला. समोरून ट्रॅक्टर आहे, मी आहे, गॉगल आहे. फार चांगला आला. स्टेटसला ठेवला. त्रेचाळीस जणांनी पाहिला. माझी जुनी विद्यार्थिनी स्नेहा, आता कुठेतरी शिक्षिका आहे, तिने लिहिलं: 'छान सर. ट्रॉली कुठे आहे?'

मागून काढलेला डिलीट करून टाकला. रुचिका म्हणाली, काका, तोच तर बघायचा होता.

रविवार, १८ जानेवारी. सायं. ६.

निताने बंड केलं. म्हणाली, मी शिट्टी फुंकणार नाही, माझे गाल दुखतात. ट्रॉली हातभरापेक्षा जास्त वाकडी गेली तरच बोलेन, नाहीतर इथे बसून हरभरा सोलेन. प्रयोग म्हणून परवानगी दिली.

दोन तासांत ती फक्त सहा वेळा बोलली. मधले लांबच लांब पट्टे कुणीच काही सांगत नव्हतं. मला स्वतःलाच मागे वळून बघावं लागलं, फार एकटं वाटलं. फेरीला चारच ड्रम पडले. एरवी बहुधा सहा पडतात. आज वारा कमी होता, त्यामुळे असेल.

उद्यापासून पुन्हा शिट्टी. हरभरा मात्र चांगला सोलून झाला.

मंगळवार, २० जानेवारी. सायं. ५.३०.

दादा पुन्हा आला आणि सगळी व्यवस्थाच मोडून टाकली. निताला म्हणाला, घरात जा. बबलूला म्हणाला, तुया चहा उतू जाऊन राह्यला असंन. मग बाज उलटी फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

मी म्हटलं, दादा, तू बघणार नाहीस तर सांगणार काय?

"मले नाई सांगायचं. तू सांगायचं. थांबला की मागं पाहू नको. आंधी सांग, किती पडले. मंग मोज."

हा काय प्रकार? पण मोठा भाऊ आहे. पहिली फेरी. मी म्हटलं, दोन. मोजले, पाच. दुसरी फेरी. म्हटलं, एक. चार निघाले. दादा "हं" म्हणाला, पाठ तशीच. तिसऱ्या फेरीला कान देऊन ऐकलं. ट्रॉलीचा धक्का सीटमध्ये येतो, हे तोवर कधी जाणवलंच नव्हतं. म्हटलं, चार. मोजले. चारच.

दादा म्हणाला, "आता जमून राह्यलं."

चार ड्रम पडले आणि जमतंय म्हणतो! हात मोडल्यापासून त्याचं मन थाऱ्यावर नाही. शून्य आणि चार यांतला फरक एकदा त्याला शांतपणे समजावून सांगावा लागेल.

गुरुवार, २२ जानेवारी.

डोकं जड. सराव नाही. मनातल्या मनात नऊ फेऱ्या केल्या. एकही ड्रम पडला नाही.

शनिवार, २४ जानेवारी. सायं. ७.

उद्या. आतापर्यंतच्या सर्व पद्धतींतलं उत्तम ते निवडून 'त्रिस्तरीय प्रत्याभरण प्रणाली' तयार केली आहे. मागे निता, हातात लाल आणि हिरवा टॉवेल. डावीकडे बबलू, प्रोत्साहनासाठी. उजवीकडे रुचिका, ती मोबाईलवरून ट्रॉलीची मागची बाजू लाइव्ह दाखवेल, आणि माझा मोबाईल स्टिअरिंगसमोर बांधलेला असेल. म्हणजे एकही क्षण प्रत्याभरणाशिवाय जाणार नाही.

ब्लेझरला इस्त्री केली. सत्काराला उत्तर म्हणून चार मिनिटांचं भाषण लिहिलं.

दादाला म्हटलं, ड्रायव्हरला नको म्हणून कळवून टाक. तो म्हणाला, सोमवारी अकरा वाजता येऊन राह्यला तो, तवा पाहू. मग जरा थांबून म्हणाला, "उदय, तुले कोनी कामावर नाई ठेवलं म्हनून ट्रॅक्टर नाई चालवायचा. तुले चालवावा वाटते म्हनून चालव." त्याला काय म्हणायचं होतं कळलं नाही. जेवण नीट गेलं नाही.

रविवार, २५ जानेवारी. सायं. ६.३०.

क्रमाने लिहितो.

माझा नंबर चौदावा. माईकवरच्या माणसाने माझं नाव 'उदयसिंग सर' असं घेतलं. टाळ्या झाल्या. इथवरचं सगळं नियोजनाप्रमाणे.

गिअर टाकला. निताने हिरवा टॉवेल हलवला. तेवढ्यात बबलू ओरडला, "वा सर!" मी त्याच्याकडे पाहिलं. मोबाईलमधून रुचिका म्हणाली, काका, उजवीकडे. मोबाईलमध्ये उजवं उलटं दिसतं की सरळ, याचा विचार करेपर्यंत निताचा लाल टॉवेल दिसला. मग दोन्ही टॉवेल एकदम. नंतर कळलं, तिच्या अंगावर मधमाशी बसली होती. पहिल्या बाजूचे पाचही ड्रम गेले. "एक नंबर!" असं बबलू म्हणाला. ट्रॉलीने दुसऱ्या बाजूचे ड्रम घेतले, मग दोरी घेतली, मग लाउडस्पीकरची वायर. त्यामुळे माझा निकाल जाहीर होऊ शकला नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

मला तिथून फक्त निघायचं होतं. पुढचा गिअर टाकला आणि मंडपाच्या बाजूने दिसली त्या वाटेत घुसलो. ती वाट नव्हती. समोर विहिरीचा कठडा, डावीकडे मंडपाचे बांबू, उजवीकडे भज्यांची गाडी. कढईत तेल उकळत होतं. पुढे जागा नाही. मागेच घ्यायला हवं.

पन्नास माणसं जमली. पन्नासही जणांना रिव्हर्स येत होता. "काट उजव्या हातानं!" "नाई नाई, डाव्या!" "सर, उतरा, मी घेतो!" भजेवाला नुसता, "कढई! कढई!" असं ओरडत होता. मी क्लच दाबून ठेवला होता. खरं लिहायचं तर डोळ्यांत पाणी होतं. ब्लेझर घालून तिथे बसलो होतो.

दादा गर्दीतून आला आणि डाव्या हाताने धरून मडगार्डवर चढून बसला. तेवढ्यात मैदानात पुढच्या गड्याचा ट्रॅक्टर सुरू झाला. गेल्या वर्षीचा पहिल्या नंबरवाला होता तो. दादा लोकांना म्हणाला, "तो लागला पाहा, जा." सगळे पळाले. भजेवालाही झारा घेऊन पळाला. निता, बबलू, रुचिका, कुणीच उरलं नाही.

एकदम शांत झालं.

मी म्हटलं, दादा, सांग. तो म्हणाला, "हाताकडं नको पाहू. शेपटाकडं पाह्य. कोठं चालली?"

मी क्लच सोडला. म्हटलं, डावीकडे चालली आहे. मग मीच स्टिअरिंग थोडं फिरवलं. थोडंच. ट्रॉली वळायच्या आधी. ती सावरली. पुन्हा उजवीकडे कलायला लागली, ते मला दिसायच्या आधी पाठीला कळलं. फिरवलं. बांबू एका वितीवरून गेला. कढई गेली. कुणीही काही सांगत नव्हतं. दादा समोर विहिरीकडे बघत बसला होता. ट्रॉली सरळ मोकळ्यात आली आणि मी थांबलो. थांब म्हणून कुणी म्हटलं नाही. मलाच कळलं.

दादाने विचारलं, "किती?"

म्हटलं, एकही नाही. मागे वळून पाहिलं नव्हतं. मग पाहिलं. एकही नाही.

एक बांबू मागच्या चाकाखाली पडलेला होता, आधीचाच. तो काढायला मी उतरलो. दादाचे पाय लोंबकळून आखडले होते, म्हणून तो मडगार्डवरून सीटवर सरकला. तेवढ्यात गर्दी परत आली. पाहतात तर ट्रॉली बाहेर, दादा सीटवर, आणि मी ब्लेझर घालून चाकाखाली.

एवढा जल्लोष पहिल्या नंबरवाल्यालाही झाला नसेल. "एका हातानं काढली! प्लास्टरच्या हातानं!" दादाला उचलून घेतलं.

रुचिकाकडे या सगळ्याचा व्हिडिओ नाही. ती तिकडे पळाली होती.

सोमवार, २६ जानेवारी. सायं. ६.

सकाळी झेंडावंदनाला तीन जणांनी दादाचा सत्कार केला. दादा उभा राहून म्हणाला, "मी नाई काढली. उदयनं काढली." मग तांड्यातले भिवाजी म्हणाले, "पाहा, केवढं मन हाये मानसाचं. भावाची लाज राखून राह्यला." बबलूने डोळे पुसले.

मग मात्र मला राहवलं नाही. झेंडावंदनाहून सगळ्यांना घेऊन घरासमोर आलो, सहा ड्रम मांडले आणि म्हटलं, बघा. पंचवीस माणसं दोन्ही बाजूंना उभी राहिली. मी ट्रॉलीकडे पाहायचं सोडून पंचवीस माणसांकडे पाहिलं. पाच ड्रम गेले. कुणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. भिवाजी हळूच म्हणाले, "राहू द्या सर."

लोक गेल्यावर एकदा घेतली. नंतर आणखी दोनदा. किती पडले ते इथे लिहीत नाही, कारण मी सांगितलं तर आता मलाही खोटं वाटेल. निता दारातून बघत होती. "हे कवापासून येते तुमाले?" असं तिने विचारलं. म्हटलं, कालपासून. ती म्हणाली, मग काल काहून नाही केलं?

ड्रायव्हर अकराला आला. शांत, चांगला माणूस. दादाने त्याला चहा पाजला आणि काम नाही म्हणून सांगितलं. ड्रायव्हर मान हलवून म्हणाला, खरं आहे, एका हाताने ट्रॉली काढणाऱ्याला ड्रायव्हर कशाला लागतो. नमस्कार करून गेला.

दुपारी शेतातून कुटार, म्हणजे गुरांसाठीचा भुसा, आणायला निघालो. दादा म्हणाला, चावी ट्रॅक्टरलेच हाये. वाटेत चार जणांनी हात करून थांबवलं. चौघांनी एकच विचारलं, दादा कोठं हाये? पहिल्या तिघांना मी कालची हकीकत सविस्तर सांगितली. तिघांनीही समजुतीने खांद्यावर हात ठेवला.

चौथ्याला म्हटलं, घरी आहे. काल ट्रॉली काढून त्याचा हात जरा दुखून राह्यला.